पुढं शेळी, मागं धनी

दुकानात आले की ते आधी काउंटरवर काहीतरी ठेवायचे आणि मगच तोंड उघडायचे. कधी मूठभर हुलगे, कधी चार ओल्या शेंगा, कधी कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीतून शेळीचं दूध. एकदा हाताशी काहीच नव्हतं, तर बंडीच्या खिशातून लोकरीचा एक पुंजका काढून त्यांनी माझ्या झेरॉक्स मशीनवर ठेवला. मग मोबाइल पुढं केला.

"लावा चार्जिंगला. फुकटचं पचत न्हाई, राव."

मी म्हणालो, मामा, चार्जिंगचं कुणी काही घेतं का? त्यांनी शांतपणे मोबाइल परत खिशात घातला, पुंजका उचलला आणि चालू लागले. मला पायरीपर्यंत मागं जाऊन तो मागून घ्यावा लागला. तेव्हापासून ते जे देतील ते मी घेत गेलो. त्या लोकरीचं काय करायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही. ती स्टेपलरच्या पिनांच्या खोक्यात आहे.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव वापरणार तर बदल्यात काय देणार, असं त्यांनी विचारलं असतं आणि माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही सगळे मामा म्हणायचो, तुम्हीही मामाच म्हणा. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील, फक्त त्यांना मेंढरं नसतील.

माझं दुकान अवसरी खुर्दला, इंजिनिअरिंग कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर. झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग आणि फ्लेक्स. मी कामाला वाईट नाही, पण वेळेला वाईट आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. पोरं म्हणायची, प्रोजेक्ट एका आठवड्यात होतो, त्याला पुठ्ठा लागायला दोन आठवडे जातात. एका लग्नाचा फ्लेक्स मी सत्यनारायणाच्या दिवशी दिलेला आहे. "उद्या या" हे माझं ब्रीद. मामा पायरीवर बसून हा सगळा कारभार बघायचे. गिऱ्हाईक चडफडत गेलं की म्हणायचे, "कळपात एक असतीच अशी. मागं राहनारी. तिला मारून उपेग न्हाई."

मामा आण्याच्या पठारावरचे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली उतरायचे आणि आमच्या भागात ज्याचं रान मोकळं असेल त्यात ती बसवायचे. रानाला खत मिळायचं, मामांना धान्य. दुकानामागचं रान माझ्या चुलत्याचं, म्हणून वर्षातले चार-पाच महिने ते आमचे शेजारी. असे पाच हिवाळे गेले. त्यांची दोन्ही पोरं चाकणला कंपनीत लागलेली. मेंढरांमागं चालायला मामांनंतर कुणी नव्हतं, आणि हे मामा कुरकुर न करता सांगायचे, पावसाची बातमी सांगावी तसं.

दुकानाच्या वरच्या खोलीत पल्लवीनं ऑफिस मांडलं. घोडेगावची पोरगी, याच कॉलेजातून इंजिनिअर झालेली. सोबत तिचे दोन मित्र. तिघं मिळून कॉम्प्युटरवर खेळायचा गेम बनवत होती. पठारावरून मेंढरांचा कळप घेऊन उतरायचं, वाटेत पाणी शोधायचं, हायवे ओलांडायचा, बिबट्या चुकवायचा आणि शेवटचं मेंढरूसुद्धा अवसरीच्या रानात आणून बसवायचं, असा तो खेळ. तो तिला सुचला खिडकीतून मामांचा कळप बघून. त्यामुळे मामा आपोआप सल्लागार झाले. त्यांची फी म्हणजे वरच्या खोलीतही चार्जिंग, आणि तिथंही ते हुलगे ठेवून यायचे.

पल्लवीचे वडील घोडेगावला सरकारी नोकरीत. त्यांनी लेकीला अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत दिली होती. तोवर गेम उभा राहिला तर ठीक, नाहीतर पुण्यात नोकरी, आणि नोकरीच्या मागोमाग जे ठरवलं जातं ते. पोरगी वरून हसायची, पण कॅलेंडरचं पान उलटलं की दिवसभर जिना उतरायची नाही.

खर्च उभा करायला तिनं इंटरनेटवर वर्गणी काढली. मंडळाच्या वर्गणीत आणि हिच्यात फरक एवढाच की इथं पावतीबुक घेऊन दारात कुणी उभं राहत नाही. जो देईल त्याचं नाव गेमच्या शेवटी यादीत येणार. जो जरा जास्त देईल त्याचं नाव कळपातल्या एका मेंढीला. पुण्यामुंबईचे आणि परदेशातले लोक या कल्पनेवर खूश झाले. आमच्या गावात मात्र पेच पडला. माजी उपसरपंचांनी वर्गणी दिली आणि स्पष्ट सांगितलं की माझं नाव मेंढीला चालणार नाही, मेंढा पाहिजे. मग प्रत्येकालाच मेंढा पाहिजे झाला. मामांना विचारलं तर ते म्हणाले, एवढ्या मेंढ्यांमागं इतके मेंढे ठेवले तर सकाळपर्यंत एकमेकांची टाळकी फोडून घेतील. मी गुपचूप एक मेंढी घेतली. फ्लेक्सच्या धंद्यात राहून माझा मानापमानाचा सोस संपलेला आहे.

गेमचा पहिला नमुना वर्गणीदारांना खेळायला दिला, त्यात बिबट्यानं माजी उपसरपंचांचा मेंढा तीनदा खाल्ला. ते दुकानात आले. त्यांची बिबट्याबद्दल तक्रार नव्हती, दर वेळी आपलाच का, एवढंच विचारायचं होतं. पल्लवीनं समजावलं की बिबट्या कुणालाही धरतो, त्यात ठरवून काही नसतं. ते म्हणाले, "निवडणुकीतही मला असंच सांगितलं व्हतं."

खरी अडचण बिबट्याची नव्हती, मेंढरांची होती. पाच-दहा मेंढरं नीट चालायची. कळप मोठा झाला की ती एकमेकांच्या अंगावर चढायची, भिंतीतून आरपार जायची आणि काही तर सरळ आभाळाकडे चालू लागायची. मामा पडद्याजवळ तोंड नेऊन बघत राहिले.

"ह्या वर चालल्यात त्या कुटं चालल्यात?"

पल्लवीनं गेम बंद केला.

अशात एक बातमी आली. परदेशातली एक कंपनी गर्दी हलवायचं तंत्र विकते. मोठमोठ्या गेममधली सैन्यं, बाजार, मिरवणुका म्हणे त्यावर चालतात. किंमत अशी की माझं दुकान, त्यातली चालू मशीन आणि बंद मशीन विकूनही हप्ता भरला नसता. त्या कंपनीनं जाहीर केलं की लोकवर्गणीतून उभ्या राहणाऱ्या गेमना हे तंत्र फुकट. अट एकच, गेम सुरू होताना पहिले तीन सेकंद कंपनीचं चिन्ह दिसलं पाहिजे. हो की नाही ते महिन्याच्या आत कळवायचं.

पल्लवी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आली. वर्गणीदारांच्या पानावर तिनं बातमी टाकली आणि गावातल्या वर्गणीदारांसाठी मला एक फ्लेक्स करायला सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मी काम त्याच दिवशी दिलं आणि तेच नडलं. 'आपल्या गेमला परदेशी तंत्र फुकट' अशी ओळ होती. त्यातला 'फुकट' मी लाल रंगात, सगळ्यात मोठा केला. धंद्याची सवय.

तो शब्द रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसला आणि प्रत्येकाला त्यावर बोलायचं होतं. पोल्ट्रीवाल्यानं गाडी थांबवून विचारलं की हे तंत्र कोंबड्यांना चालतं का, त्याच्या पाच हजार आहेत. एका निवृत्त गुरुजींनी आठवण करून दिली की मोबाइलचं सिमसुद्धा एके काळी फुकट वाटत होते, आणि आता बघा. कुणीतरी म्हणालं, तंत्र फुकट मिळालं तर आमची वर्गणी कशाला ठेवता, परत करा. इंटरनेटवर तर रोज नवं. पुण्याच्या एका वर्गणीदारानं स्वतंत्र कलेवर लांबलचक मजकूर लिहिला, त्याखाली आणखी एकानं लिहिलं की कंपनी या वाटेनं खेळणाऱ्यांची सगळी माहिती चोरणार. हे मी मामांना वाचून दाखवलं. मेंढरांची माहिती पाहिजे असेल तर चोरायची काय गरज, आपण बसवून सांगू, असं त्यांचं म्हणणं पडलं.

हे सगळं निवलं असतं. पण त्या तीन सेकंदांचा अर्थ माजी उपसरपंचांच्या ध्यानात आला. म्हणजे कंपनीचं नाव पहिलं आणि वर्गणी देणाऱ्यांचं शेवटी. हे ऐकताच भिन्न मतांची माणसं एका जागी आली. तुम्हाला यात हसू येत असेल तर तुम्ही कधी फ्लेक्स छापलेला नाही. कुणाचा फोटो वर आणि कुणाचा खाली, यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला गेलेले नाहीत. ज्यानं दमडी दिली नाही त्याचं नाव आधी झळकणार, हे कुणाच्याच घशाखाली उतरेना. आठवडाभरात इतक्या जणांनी वर्गणी मागं घेतो म्हणून कळवलं की पल्लवीनं जेवण सोडलं. तंत्र घेतलं तर वर्गणीदार जाणार आणि गेम बंद. नाही घेतलं तर मेंढरं आभाळात जाणार आणि गेम बंद. दोन्हीकडून पुण्याची गाडी ठरलेली.

त्या दिवशी ती खाली येऊन पायरीवर मामांच्या शेजारी बसली. मामा चातीवर लोकर कातत होते. मी आत बाइंडिंगच्या तारा कापत कान देऊन होतो. मला खात्री होती. ज्या माणसाला चार्जिंग फुकट पचत नाही तो परदेशातलं तंत्र फुकट घेऊ देणार नाही.

"घे," मामा म्हणाले.

"मामा, फुकट आहे ते."

"घेताना समदं फुकटच असतं. आपन परत काय देतो त्यावर हाय ते." चाती फिरत राहिली. "आमच्यात पैदाशीला मेंढा मागून आनत्यात. त्याचं कोन पैसं घेतंय? पर परत न्हेताना मेंढा पुसायचा, पाठीवर भंडारा टाकायचा, संगं पायलीभर दानं द्यायचं. तू द्यायचं काय ते बघ. घ्यायला भ्यायचं कशापायी?"

त्या कंपनीला आपण काय देणार, असं पल्लवीनं विचारलं. मामांनी जराही विचार न करता सांगितलं, "घोंगडी."

राहिला प्रश्न नावाचा. त्यासाठी रविवारी सकाळी दुकानासमोर बैठक बसली. माजी उपसरपंच माझ्या खुर्चीवर. एकानं सुचवलं की सगळ्याच वर्गणीदारांची नावं आधी दाखवा. पल्लवीनं हिशेब करून सांगितलं की मग पाव तासानं पहिली मेंढी दिसेल. मी या विषयातला जाणकार म्हणून म्हणालो की कंपनीचं चिन्ह कोपऱ्यात बारीक करू. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. आवाज वाढत गेले. पल्लवी भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते, हे मला दिसत होतं आणि मला काही करता येत नव्हतं.

मामा पायरीवरच होते. त्यांनी चाती थांबवली आणि माजी उपसरपंचांना विचारलं, "भाऊ, कळप चालतो तवा पुढं कोन असतं?"

"मेंढका. अजून कोन?"

"न्हाई. पुढं शेळी असती. मेंढराला वाट कळत न्हाई, खाली मुंडी घालून चालतं त्ये. म्हनून कळपात चार शेळ्या ठिवायच्या. शेळी पुढं चालती, मेंढरं तिच्या मागं."

"आन् धनी?"

"धनी समद्याच्या मागं. कोन राहिलं, कोन लंगडतंय, त्यालाच बघावं लागतं. पुढं चालनारीला कोन धनी म्हनत न्हाई, पावणं."

आणि ते परत कातायला लागले. माजी उपसरपंचांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग म्हणाले की आपलं पहिल्यापासून हेच मत होतं, नाव शेवटीच शोभून दिसतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कंपनीला शेळीची जागा एकमतानं मंजूर झाली.

त्यानंतर जे भांडण लागलं ते सगळ्यात शेवटचं नाव कुणाचं यावर. पल्लवीनं डोळे पुसून सांगितलं की ती जागा दिली गेलेली आहे. कुणाला, ते काही तिनं सांगितलं नाही.

तंत्र आलं. दोन दिवस वरून कुणी खाली उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी मला आणि मामांना बोलावलं. पडद्यावर अख्खा कळप पठारावरून उतरत होता. कुणी कुणावर चढत नव्हतं, कुणी आभाळात जात नव्हतं. सारखं अंतर, सारखी चाल. मला तर फार आवडलं. मामांनी कपाळावर हात धरला.

"ही मेंढरं न्हाईत. पोलिस भरती हाय."

मग पंधरा दिवस शाळा भरली. दुपारी मेंढरं झाडाखाली बसली की मामा वर यायचे, हुलगे ठेवायचे आणि शिकवायला बसायचे. ऊन तापलं की मेंढरं सावली शोधत नाहीत, एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात. जिचं कोकरू मागं राहिलं ती सगळ्या कळपाच्या उलट दिशेला वळते, मग तिला कुणी अडवू नये. ओढ्याजवळ पहिली मेंढी थांबली की सगळ्या थांबतात आणि पहिलीनं उडी मारली की जिथं पाणी नाही तिथंही बाकीच्या उडी मारतात. पल्लवी वहीत लिहायची आणि तिचे मित्र ते मशीनला समजावायचे. जमलं नाही की मामा खिडकी उघडून खाली बोट दाखवायचे. तिथं खरी मेंढरं होतीच.

एका गोष्टीवर मात्र ते हटून बसले. एक मेंढी कायम मागं राहिली पाहिजे. पल्लवीचा मित्र म्हणाला, खेळणारा वैतागेल, सगळी पोचल्यावरही एकीसाठी थांबायचं म्हणजे त्रास आहे. मामा म्हणाले की त्रास होणारच, मेंढरं आहेत ती. मित्र वाद घालायला लागला तेव्हा ते खिडकीतून खाली बघत म्हणाले,

"हा वैशाख आला का माझी समदी इकनार हाय मी. पोरांनी सांगितलंय. गुडघंबी ऐकत न्हाईत. हितं तरी नीट चालू द्या, बाबा."

मित्रानं मान खाली घातली आणि एक मेंढी मागं ठेवली. मला तेव्हा कळलं की हा माणूस इतके दिवस जिना चढून येत होता तो कशासाठी. मी खाली आलो आणि उगाच मशीन पुसत बसलो.

परतफेड ठरल्याप्रमाणे झाली. मेंढरांबद्दलचं सगळं पल्लवीनं नीट लिहून, मशीनला जे समजावलं होतं त्यासकट कंपनीला पाठवलं. घोंगडीचं पार्सल करायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून त्याला आठ दिवस लागले. ती मी एका पडलेल्या उमेदवाराच्या फ्लेक्समध्ये गुंडाळली. चेहरा बाहेरच्या बाजूला आला होता, पण तोवर चिकटपट्टी लावून झाली होती.

कंपनीचं उत्तर आलं. त्यांनी आभार मानले होते आणि कळवलं होतं की मेंढरांची ही चाल आम्ही आमच्या तंत्रात घालतो आहोत, ज्यांना फुकट दिलंय त्या सगळ्यांना ती मिळेल. सोबत फोटो. काचेच्या ऑफिसात एक उंच माणूस घोंगडी गळ्याभोवती गुंडाळून हसत उभा. पार्सलवरच्या उमेदवाराचं त्यांना काय वाटलं ते त्यांनी लिहिलं नव्हतं. मामांनी फोटो मोठा करायला लावला.

"डोक्यावरनं खोळ घे म्हनावं. गळ्यात घालाया पंचा हाय व्हय त्यो?" मग बराच वेळ बघून म्हणाले, "घेतली ना? झालं मग."

अक्षय्य तृतीयेला पल्लवीचे वडील घोडेगावहून एसटीनं आले. चेहऱ्यावर पुण्याची नोकरी घेऊनच आले होते. लेकीनं त्यांना खुर्चीवर बसवून कळप हातात दिला. त्यांनी पहिल्या फेरीत हायवेवर नऊ मेंढरं गमावली आणि ते त्यांच्या मनाला लागलं. दुसऱ्या फेरीत बिबट्या आला. परतीची शेवटची एसटी गेली तेव्हा ते ओढा ओलांडत होते. मुक्काम माझ्याकडे झाला. नोकरीचा विषय निघाला नाही, आणि नंतरही कधी निघाला नाही.

वैशाखात मामांनी मेंढरं विकली. त्या दिवशी मी मुद्दाम मागच्या रानाकडे गेलो नाही.

पुढच्या दिवाळीनंतर ते आले ते एसटीनं, हातात नुसती काठी. गेम अजून पुरा व्हायचा होता, तरी वर जाऊन बघून आले आणि पायरीवर बसले. काउंटरवर हुलगे ठेवले, मोबाइल पुढं केला. "लावा चार्जिंगला." मी घेतला आणि बघितलं तर बॅटरी भरलेली होती. तरी पिन लावली आणि ते दोन तास बसले.

त्यानंतरच्या श्रावणात एक माणूस दुकानात आला. चाकणच्या कंपनीचा निळा शर्ट, चेहरा मामांचा. दशक्रियेचा फ्लेक्स करायचा होता. फोटो नीटसा नाही, तुमच्याकडे असेल असं कुणीतरी सांगितलं, म्हणाला. माझ्याकडे होता. पायरीवर बसून लोकर कातताना काढलेला. त्यानं विचारलं, उद्या मिळेल का. मी त्याला बसायला सांगितलं आणि तिथल्या तिथं फ्लेक्स काढून दिला. शोकाकुलांची नावं कशी लावायची विचारलं तर तो म्हणाला, कशीबी लावा. पैसे नकोत, असं मी म्हणालो.

"फुकट नगं, भाऊ," तो म्हणाला. "बाबा वरडायचं."

त्यानं खिसे चाचपले. अर्धा बिस्किटाचा पुडा निघाला, तो काउंटरवर ठेवला आणि फ्लेक्स काखेत मारून गेला. मी ती बिस्किटं खाल्ली. दुसरं काय करणार होतो?

पंधरवड्यानं गेम बाहेर पडला. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो सुरू केला. पहिले तीन सेकंद शेळी, म्हणजे कंपनी. मग पठार. मी माझ्या नावाची मेंढी शोधत होतो. पुढच्या घोळक्यात नव्हती, मधेही नव्हती. मला वाटलं, माझी वर्गणी पोचलीच नसेल. कळप उतरला, हायवे ओलांडला, ओढ्याजवळ सगळ्या विनाकारण उड्या मारून झाल्या, आणि आम्ही अवसरीच्या रानात आलो. मेंढरं बसली. पण गेम संपेना. एक कमी होती. रानाच्या कडेला, बांधावर, मेंढका पाठ करून उभा होता. डोक्याला पटका, घोंगडीची खोळ, हनुवटीखाली काठी. तो डोंगराकडे बघत होता आणि हलत नव्हता.

मी वर जाऊन पल्लवीला म्हणालो, तुझा गेम अडकलाय.

"अडकला नाही, काका. तुमची मेंढी यायचीय अजून."

मग तिनं सांगितलं. मामा शेवटचे येऊन गेले तेव्हा त्यांनी विचारलं होतं की मागं राहणाऱ्या मेंढीला नाव कुणाचं दिलंय. अजून कुणाचंच नाही, असं ती म्हणाली. तर म्हणाले, "झेरॉक्सवाल्याचं दे. पाच वर्सं चार्जिंग केलं त्याच्याकडं, फेड नको? मागच्या मेंढीसाठी धनी थांबतो."

शेवटची जागा कुणाला दिलीय तेही तिनं तेव्हाच सांगितलं. मामांचं नाव मी इथं लिहिलं नाही, पण तिथं आहे, सगळ्या यादीच्या मागं. तुम्ही तिथपर्यंत पोचलात तर बघा.

मी खाली आलो. बांधावर ते तसेच उभे होते. लांब उतारावर एक पांढरा ठिपका दिसायला लागला होता, माझं नाव असलेला. प्रत्येक झुडपापाशी थांबत, तोंड घालत, निवांत येत होता. पल्लवीनं सांगितलं होतं की एक कळ दाबली की ते हाळी देतात, त्यांच्याच टिपून ठेवलेल्या आवाजात, आणि मेंढी पळत येते. मग मेंढका वळतो आणि गेम संपतो.

एक पोरगी बाइंडिंगसाठी काउंटरशी येऊन उभी होती. तिला घाई होती. मी पडद्यावरची नजर न काढता तिला म्हणालो, उद्या ये. कळ मी दाबली नाही.